नावावर शेअर नाही, तरी भागधारक: घरच्या एस कॉर्पोरेशनमधला मुलगा आणि आरोग्य विम्याचा हप्ता

अमेरिकेत घरचा व्यवसाय एस कॉर्पोरेशन म्हणून, म्हणजे नफ्यावरचा आयकर कंपनीऐवजी भागधारक भरतात अशा दर्जाची कंपनी म्हणून, चालवणारी मराठी कुटुंबे आता कमी नाहीत. दवाखाना असो, सॉफ्टवेअर सल्ला असो की मशीन शॉप, पहिली पिढी मालक आणि दुसरी पिढी पगारावर हे चित्र नेहमीचे. अशाच एका कुटुंबाचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांचा पगार आणि हप्ता सारखाच धरला आहे.

पार्श्वभूमी

शिकागोच्या उपनगरातले मशीन शॉप. सीएनसी यंत्रांवर हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे सुटे भाग बनतात. वडील मूळचे पुण्याचे इंजिनियर, कंपनी त्यांनीच उभी केली. एकूण १,००० शेअरपैकी ६०० वडिलांकडे आणि ४०० आईकडे. आई पेरोल आणि बँकेचे काम बघते. मुलगा पूर्णवेळ नोकरीत, विक्री आणि खरेदी त्याच्याकडे, पगार वर्षाला ९६,००० डॉलर. त्याच्या नावावर एकही शेअर नाही. सून आठवड्याला २० तास हिशेबाचे काम करते, तिचा पगार २६,०००. वडिलांचे धाकटे सख्खे भाऊ, म्हणजे मुलाचे काका, शॉप फ्लोअर सांभाळतात. बाहेरचे सात कर्मचारी धरून बारा माणसे.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने सर्वांसाठी गट आरोग्य विमा घेतला. कर्मचाऱ्याचा स्वतःचा हप्ता पूर्ण आणि घरच्यांचा निम्मा कंपनी भरणार, उरलेला निम्मा पगारातून प्री-टॅक्स, म्हणजे कर लागण्याआधी, कापला जाणार. त्यासाठी अमेरिकेच्या करकायद्यातल्या कलम १२५ ची योजना लेखी केली. विम्याला पात्र व्हायला आठवड्याला ३० तासांची अट होती, म्हणून सून स्वतः पात्र नव्हती. ती आणि दोन मुले मुलाच्या पॉलिसीत होती.

मुलाच्या कुटुंबाचा हप्ता महिन्याला १,९०० डॉलर. त्यातले १,२७० कंपनी भरत होती आणि ६३० त्याच्या पगारातून जात होते. वर्षाचे कंपनीचे १५,२४०, त्याचे ७,५६०, मिळून २२,८००.

अडचण

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढच्या वर्षाच्या विम्याची निवड चालू होती. मुलाला जास्त डिडक्टिबलची, म्हणजे सुरुवातीचा जास्त खर्च स्वतः भरायची, पॉलिसी आणि तिच्या जोडीला एचएसए (उपचार खर्चासाठीचे करसवलतीचे बचत खाते) हवे होते. पैसे पगारातून प्री-टॅक्स कापावेत असे त्याचे म्हणणे होते. त्याच सुमारास कंपनीने नवा कर सल्लागार नेमला होता. त्याने अर्जाकडे पाहून एकच प्रश्न विचारला: मालकांशी कोणाचे काय नाते आहे?

जुन्या हिशेबनीसाला नियम माहीत होता. वडिलांच्या आणि आईच्या पॉलिसीचा हप्ता तो दरवर्षी नीट डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या दाखल्यात, दाखवत असे. पण त्याने फक्त शेअर रजिस्टर पाहिले. रजिस्टरमध्ये मुलाचे नाव नाही, म्हणून तो साधा कर्मचारी, असा हिशेब झाला. त्यामुळे २०२३ चा मुलाचा डब्ल्यू-२ असा निघाला: बॉक्स १ (आयकराला पात्र पगार), ३ (सोशल सिक्युरिटीला पात्र) आणि ५ (मेडिकेअरला पात्र) तिन्हींत ८८,४४०. म्हणजे कंपनीने भरलेले १५,२४० उत्पन्नात नाहीत आणि त्याचे ७,५६० प्री-टॅक्स म्हणून वजा झालेले. बाहेरच्या कर्मचाऱ्यासाठी हे अगदी बरोबर ठरले असते.

नियम असा. एस कॉर्पोरेशनमध्ये २ टक्क्यांहून अधिक शेअर असलेल्या कर्मचाऱ्याला अशा सवलतींपुरते भागीदारी फर्ममधल्या भागीदारासारखे धरतात. हे कलम १३७२ मध्ये आहे. कंपनीने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता त्याच्या उत्पन्नात मोजावा लागतो, आणि मग तो कलम १६२(एल) खाली स्वतःच्या रिटर्नमध्ये तेवढी वजावट घेतो. हे २ टक्के मोजताना फक्त नावावरचे शेअर धरत नाहीत. कलम ३१८ नुसार नातेवाइकांचे शेअरही आपलेच समजले जातात, आणि वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी मर्यादा ओलांडली तरी पुरते.

म्हणून मुलगा करकायद्याच्या दृष्टीने १०० टक्क्यांचा भागधारक ठरला. आईचे आणि वडिलांचे, दोघांचेही शेअर त्याच्याकडे धरले गेले.

कुटुंब म्हणजे कोण

या प्रकरणात सर्वांत जास्त गोंधळ इथेच झाला, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

कलम ३१८ मध्ये नाती चारच आहेत: नवरा-बायको, मुले, नातवंडे आणि आईवडील. या माणसांचे शेअर तुमचे समजले जातात. भावंडे नाहीत. काका, मामा, पुतणे, भाचे नाहीत. सासू-सासरे आणि जावई-सुनाही नाहीत. दत्तक मूल मात्र पोटच्या मुलासारखेच. नातवंडांच्या बाबतीत वाट एकेरी आहे. नातवाचे शेअर आजोबांकडे धरले जातात, पण आजोबांचे नातवाकडे जात नाहीत.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. कुटुंबाच्या नात्याने एकदा धरलेले शेअर त्याच नात्याने पुढे तिसऱ्या माणसाकडे सरकत नाहीत. वडिलांचे शेअर मुलाकडे आले. ते मुलाकडून त्याच्या बायकोकडे जात नाहीत, कारण मुलाचे ते खरे शेअर नाहीत. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ च्या स्थितीत सून भागधारक नव्हती. मुलाच्या नावावर खरोखर एक जरी शेअर आला असता, तरी तेवढा शेअर सुनेचाही समजला गेला असता.

काकांचेही तसेच. वडिलांचे शेअर त्यांच्या भावाकडे धरले जात नाहीत. आजी-आजोबांपैकी कोणी मालक असते तर काका त्यांचा मुलगा म्हणून पकडीत आले असते. पण इथे मालकी वडिलांपासून सुरू होत होती.

हे कळायच्या आतच घाई झाली. सल्लागाराचा पहिला फोन झाल्यावर आईने पेरोलमध्ये मुलगा, सून आणि काका या तिघांनाही भागधारक अशी खूण केली आणि काकांच्या हप्त्याचा कंपनीचा भाग करपात्र पगारात घातला. एकत्र राहणाऱ्या, एका चुलीवर जेवणाऱ्या घरात सख्खा दीर परका कसा धरणार? त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. पण त्यामुळे काकांच्या पगारातून विनाकारण जास्त कर कापला जाऊ लागला आणि त्यांची प्री-टॅक्स सोयही बंद झाली. सुदैवाने हे त्याच तिमाहीत लक्षात आले. पुढच्या पगारात उलट नोंद करून रक्कम परत दिली, त्यामुळे कुठलाही दुरुस्ती फॉर्म लागला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: २०२३ ला हात लावायचा नाही, २०२४ पासून नीट करायचे. घरात यावर बराच खल झाला. मुलाचा मुद्दा साधा होता. उत्पन्न २२,८०० ने वाढणार आणि वजावटही २२,८०० ची मिळणार, मग आयकर तोच राहतो, तर जुने उकरायचे कशाला? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. वजावट आपोआप मिळत नाही. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, नोटीस २००८-१ प्रमाणे दोन गोष्टी लागतात. हप्ता कंपनीने भरलेला किंवा परत दिलेला असावा, आणि तो त्याच वर्षीच्या डब्ल्यू-२ मध्ये पगार म्हणून दाखवलेला असावा. तपासणीत प्रकरण निघाले तर उत्पन्न वाढवले जाईल आणि डब्ल्यू-२ मध्ये नोंद नाही म्हणून वजावट नाकारली जाऊ शकेल. सल्लागाराने एका वर्षाचा आकडा कागदावर मांडला. पती-पत्नीच्या एकत्र रिटर्नवर २२,८०० मधला थोडा भाग १२ टक्क्यांच्या आणि बाकी २२ टक्क्यांच्या टप्प्यात पडतो, म्हणजे फेडरल कर सुमारे ४,७४५. इलिनॉयचा ४.९५ टक्क्यांनी सुमारे १,१२९. शिवाय ७,५६० वरचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर, दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे १,१५७. दंड आणि व्याज सोडून सात हजारांच्या वर. स्वतःहून दुरुस्ती केली तर यातले शेवटचे १,१५७ तेवढे भरायचे. हा फरक दिसल्यावर वाद मिटला.

दुसरा पर्याय: पॉलिसी सुनेच्या नावावर. सून कायद्याने साधी कर्मचारी आहे. तिचे तास ३० च्या वर नेले, तिने स्वतःच्या नावाने कुटुंबाचा विमा घेतला आणि मुलगा तिचा नवरा म्हणून त्यात आला, तर कंपनीचा भाग उत्पन्नात येत नाही आणि तिचा भाग प्री-टॅक्स कापता येतो. तास वाढवण्याजोगे काम खरोखर होते, त्यामुळे हा नुसता कागदी खेळ ठरला नसता. पर्याय आकर्षक वाटला. मग त्याची किंमत काढली.

कंपनीने भरलेला हप्ता मुलाच्या बॉक्स १ मध्ये गेला तरी बॉक्स ३ आणि ५ मध्ये जात नाही. सर्व कर्मचाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या एखाद्या वर्गासाठी असलेल्या योजनेतून तो भरला असेल, तर त्यावर सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर आणि फुटा (फेडरल बेकारी कर) लागत नाही. आणि १६२(एल) ची वजावट आयटमाइझ न करताही, म्हणजे एकेक खर्च न मांडताही, मिळते आणि एजीआयच्या (समायोजित एकूण उत्पन्नाच्या) आधीच कमी होते. त्यामुळे दोन्ही वाटांनी आयकर जवळपास तोच येतो. फरक उरतो तो फक्त पगारातून कापल्या जाणाऱ्या ७,५६० वरच्या १५.३ टक्क्यांचा, म्हणजे पुन्हा वर्षाला सुमारे १,१५७ डॉलर.

आणि या वाटेत एक मोठा धोंडा होता. वडील साठीच्या पुढे गेलेले. त्यांना २०२५ च्या सुरुवातीला मुलाला १०० शेअर भेट द्यायचे होते. ते दिले त्या दिवशी सून नवऱ्याच्या नात्याने १० टक्क्यांची भागधारक होणार, तीही वर्षातल्या एका दिवसासाठी का होईना, पण करासाठी पूर्ण वर्षभर. म्हणजे ही सोय एका वर्षाचीही टिकली नसती. हजार-अकराशे डॉलरसाठी वारसाचा निर्णय पुढे ढकलायचा नाही असे वडिलांनी ठरवले. ते योग्यच होते. विम्याच्या करापायी मालकी हस्तांतर लांबवणारी कुटुंबे पुढे त्याहून मोठ्या अडचणीत सापडतात.

सुनेबद्दल आणखी एक बारीक अट इथे सांगायला हवी. ज्या महिन्यात करदाता स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकाने अनुदान दिलेल्या आरोग्य योजनेत भाग घ्यायला पात्र असतो, त्या महिन्यापुरती १६२(एल) ची वजावट मिळत नाही. प्रत्यक्ष विमा घेतला नसला तरी नुसती पात्रता पुरते. सून दुसऱ्या कुठल्या कंपनीत नोकरीला असती आणि तिथे कुटुंबासाठी विमा मिळत असता, तर मुलाची वजावट गेली असती. इथे ती २० तासांची कर्मचारी, दुसरी नोकरी नाही, म्हणून प्रश्न आला नाही. पण सल्लागाराने हे विचारून, लिहून घेतले.

तिसरा पर्याय, एस दर्जा सोडून सी कॉर्पोरेशन व्हायचा, काही मिनिटांत बाजूला पडला. सी कॉर्पोरेशनमध्ये भागधारक-कर्मचाऱ्याचाही हप्ता करमुक्त राहतो हे खरे. पण नफ्यावर आधी कंपनीचा २१ टक्के कर आणि नंतर लाभांशावर पुन्हा कर, हे या कंपनीला परवडणारे नव्हते.

काय केले

२०२४ आधी हाती घेतले, कारण वर्ष अजून चालू होते. ऑक्टोबरच्या मध्यापासून मुलाची प्री-टॅक्स कपात थांबवली. पेरोलमध्ये त्याच्यासाठी रोख न देणारी एक वेगळी कमाईची बाब तयार केली. फेडरल आणि राज्याच्या आयकराला ती पात्र, पण सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर आणि फुटा यांतून मुक्त अशी तिची मांडणी केली. बहुतेक पेरोल सॉफ्टवेअरमध्ये एस कॉर्पोरेशनच्या मालकाचा आरोग्य विमा अशी बाब तयार मिळते. ती न वापरता साधा बोनस म्हणून नोंद केली की बॉक्स ३ आणि ५ फुगतात आणि कर विनाकारण जातो. १५,२४० ची रक्कम डिसेंबरपर्यंतच्या उरलेल्या पगारांत विभागली.

रोख रक्कम नसताना करपात्र पगार वाढला की हातात पडणारा पगार घटतो. ते टाळायला मुलाने नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती आयकर कापावा ते सांगणारा फॉर्म) दिला आणि चौथ्या पायरीतल्या वजावटीच्या रकान्यात येणारी वजावट आधीच धरली. त्याच्या पगारातली आयकराची कपात पूर्वीइतकीच राहिली.

शेवटी २०२४ चा डब्ल्यू-२ असा निघाला: बॉक्स १ मध्ये १,११,२४०, बॉक्स ३ आणि ५ मध्ये ९६,०००, आणि बॉक्स १४ मध्ये माहितीसाठी हप्त्याची रक्कम. २०२३ च्या डब्ल्यू-२ वर पेरोल कंपनीने बॉक्स १२ मध्ये डीडी या खुणेने हप्ता छापला होता, आणि तेवढ्यावर काम भागले असे घरात वाटत होते. डीडी ही निव्वळ माहिती आहे. तिच्याने बॉक्स १ वाढत नाही, त्यामुळे नोटीस २००८-१ ची अट पुरी होत नाही.

२०२३ साठी डब्ल्यू-२सी (दुरुस्त डब्ल्यू-२) आणि सोबत त्याचा गोषवारा डब्ल्यू-३सी. बॉक्स १: ८८,४४० चे १,११,२४०. बॉक्स ३ आणि ५: ८८,४४० चे ९६,०००. सोशल सिक्युरिटी कर ५,४८३.२८ चा ५,९५२, मेडिकेअर १,२८२.३८ चा १,३९२. फरक ५७८.३४ आणि तेवढाच कंपनीचा. त्याचबरोबर फॉर्म ९४१-एक्स (पेरोल कराच्या तिमाही फॉर्म ९४१ ची दुरुस्ती), दर तिमाहीचा वेगळा: २०२३ चे चार आणि २०२४ च्या पहिल्या तीन तिमाहींचे तीन. २०२४ च्या नऊ महिन्यांत ५,६७० डॉलर चुकीने प्री-टॅक्स गेले होते, त्यावर दोन्ही बाजूंचे प्रत्येकी सुमारे ४३४. चूक ज्या तिमाहीत सापडली त्या तिमाहीच्या ९४१ च्या मुदतीच्या आत, म्हणजे ३१ जानेवारी २०२५ पर्यंत, ९४१-एक्स भरून रक्कम दिली की त्यावर व्याज लागत नाही. सातही फॉर्म त्याआधी गेले. ही तारीख पाळली म्हणूनच काम स्वस्तात झाले. फुटाचा पाया ७,००० डॉलरचाच असल्याने फॉर्म ९४० ला धक्का लागला नाही.

कंपनीचे २०२३ चे ११२०-एस, म्हणजे आयकर रिटर्न, पुन्हा भरावे लागले नाही. हप्ता कर्मचारी लाभाच्या ओळीत होता, तो पगारात जायला हवा होता. पण एकूण खर्च तोच असल्याने नफा बदलत नव्हता. २०२४ पासून तो पगाराच्या ओळीत दाखवला.

कलम १२५ च्या योजनेची कागदपत्रे मात्र काळजीपूर्वक वाचावी लागली. २ टक्क्यांवरच्या भागधारकाला अशा योजनेत भाग घेता येत नाही. योजनेच्या मजकुरातच त्याला प्रवेश दिलेला असता, तर बाहेरच्या सात जणांची प्री-टॅक्स सवलतही धोक्यात आली असती. इथे मजकुरात भागधारकांना वगळलेले होते, नात्याने भागधारक ठरणाऱ्यांसह. म्हणजे चूक अंमलबजावणीची होती. दुरुस्ती केल्याची टिपणी योजनेच्या फाइलला जोडली. एचएसएचेही तेच झाले. मुलाने २०२५ मध्ये खाते उघडले, पण पैसे कर भरलेल्या पगारातून टाकायचे आणि वजावट स्वतःच्या १०४० वर, म्हणजे वैयक्तिक रिटर्नवर, घ्यायची.

आता ७,५६० चा प्रश्न. ही रक्कम मुलाच्या पगारातून कापून कंपनीने विमा कंपनीला दिली होती. ती हप्ता कंपनीने भरला या अटीत बसते का, यावर सल्लागारांत एकमत नाही. सल्लागाराने वजावट पूर्ण २२,८०० ची घेतली. कारण दोन: गट पॉलिसीचे बिल कंपनीच्या नावाने होते आणि कंपनीच्याच खात्यातून गेले, आणि दुरुस्तीनंतर पूर्ण रक्कम बॉक्स १ मध्ये आली. तरी पुढच्यासाठी हा संशय ठेवायचाच नाही असे ठरले. २०२५ पासून व्यवस्थापक असा कर्मचाऱ्यांचा वर्ग योजनेत लिहिला आणि त्यांचा कुटुंबासह पूर्ण हप्ता कंपनी भरू लागली. या वर्गात मुलगा, काका आणि घराबाहेरचा उत्पादन व्यवस्थापक आहेत. फक्त घरच्यांचा वर्ग केला असता तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची सूट डळमळीत झाली असती. मुलाचा पगार तेवढ्याने कमी ठरवला, बाकी दोघांची त्या वर्षीची वाढ हप्त्याच्या रूपाने गेली. पगार हवा की हप्ता, अशी निवड कोणालाच दिली नाही. तशी निवड दिली की प्रकरण पुन्हा कलम १२५ मध्ये शिरते.

मुलाचे रिटर्न

इथे तांत्रिक अडथळा आला आणि तो अनेकांना येतो. २०२३ पासून ही वजावट फॉर्म ७२०६ वर काढून शेड्यूल १ च्या १७ व्या ओळीवर न्यायची असते. सॉफ्टवेअर विचारते, कुठल्या व्यवसायाशी जोडू? ते शेड्यूल के-१ (कंपनीच्या नफ्यातला भागधारकाचा वाटा दाखवणारा कागद) शोधते. मुलाला के-१ मिळतच नाही, कारण खरे शेअर नाहीत. बॉक्स १४ मधली रक्कम टाकूनही वजावट शून्य दिसत राहिली. शेवटी फॉर्म ७२०६ थेट उघडून हप्ता २२,८०० आणि मर्यादेसाठी डब्ल्यू-२ चा बॉक्स ५ भरला, तेव्हा वजावट आली.

ही मर्यादा महत्त्वाची आहे. वजावट त्या कंपनीतल्या बॉक्स ५ च्या पगारापेक्षा जास्त असू शकत नाही. मुलाला ९६,००० असल्याने अडचण नव्हती. पण काही कुटुंबांत घरच्या माणसाला रोख पगार न देता फक्त हप्ता भरतात. हप्ता बॉक्स ५ मध्ये जात नाही, म्हणून मर्यादा शून्य, म्हणून वजावट शून्य, आणि बॉक्स १ मध्ये मात्र पूर्ण उत्पन्न.

नात्याने भागधारक ठरलेल्याला ही वजावट मिळते का, याबद्दल पूर्वी शंका घेतली जाई. आयआरएसच्या मुख्य विधी कार्यालयाच्या, मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सल्ल्याने, क्रमांक २०१९१२००१, बाकी अटी पुऱ्या होत असतील तर मिळते असे स्पष्ट केले. तो सल्ला पूर्वनिर्णय म्हणून दाखवता येत नाही, पण आयआरएस कायदा कसा वाचते ते त्यातून कळते. त्याची प्रत मुलाच्या फाइलमध्ये ठेवली. २०२३ चे १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. उत्पन्न २२,८०० ने वर, वजावट तेवढीच, कर जैसे थे. इलिनॉयचा आयकर फेडरल एजीआयवरून सुरू होत असल्याने तिथेही बदल नाही.

काकांचे शेअर

शेअर भेट द्यायचा विषय निघाल्यावर वडिलांनी आणखी एक इच्छा सांगितली. तीस वर्षे दुकान सांभाळणाऱ्या भावालाही हिस्सा हवा. त्यांच्या मनात ५० शेअर, म्हणजे ५ टक्के होते. ते दिले असते तर काका स्वतःच्या हक्काने भागधारक झाले असते. त्यांचा हप्ता बॉक्स १ मध्ये आला असता, आणि काकूंच्या नावाने पुढे काही करायचे म्हटले तरी त्याही नात्याने पकडीत आल्या असत्या.

कायद्याचे शब्द २ टक्क्यांहून अधिक असे आहेत. बरोबर २ टक्के चालतात. म्हणून २० शेअर दिले. काका मालकही झाले आणि विम्यापुरते साधे कर्मचारीही राहिले. पण हे बारीक गणित आहे. उद्या कंपनीने कोणाचे १० शेअर परत विकत घेतले तर एकूण ९९० उरतात आणि काकांचे २० म्हणजे २.०२ टक्के होतात. म्हणून शेअर परत घ्यायचे झाल्यास आधी काकांचा हिस्सा तपासायचा, असे भागधारकांच्या करारात लिहिले.

त्याच करारात दुसरे कलम घातले, कारण काकांचा मुलगा पुण्यात आहे. अमेरिकेचा नागरिक किंवा करासाठी रहिवासी नसलेला माणूस एस कॉर्पोरेशनचा भागधारक होऊ शकत नाही. शेअर वारशाने त्याच्या नावावर गेले तर कंपनीचा एस दर्जाच संपतो. तेव्हा काकांच्या मागे त्यांचे शेअर कंपनीने किंवा वडिलांच्या मुलाने रोखीने घ्यायचे आणि पैसे काकांच्या मुलाला पाठवायचे, असे ठरले. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने हे कलम आपल्या करारात आहे का ते पाहावे, असे मनापासून वाटते.

निकाल

जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला शेअर वाटले गेले: वडील ४८०, आई ४००, मुलगा १००, काका २०. दोन वर्षांच्या चुकीची किंमत मुलाकडून सुमारे १,०१२ डॉलर आणि कंपनीकडून तेवढेच, सल्लागाराची फी वेगळी. वजावट दोन्ही वर्षांची पूर्ण टिकली. २०२५ पासून मुलाला के-१ मिळू लागला, त्यामुळे सॉफ्टवेअरचा तो त्रासही गेला.

वेगळे काय करता आले असते

योजना सुरू करताना, २०२२ च्या शेवटी, विमा दलालाने आणि पेरोल कंपनीने दोघांनीही मालकांची यादी मागितली होती. मालकांच्या नातेवाइकांची कोणी मागितली नाही. प्रत्येक कर्मचाऱ्यासमोर मालकाशी असलेले नाते लिहिलेला एक साधा तक्ता तेव्हा केला असता, आणि चार नात्यांपुढे खूण केली असती, तर पुढचे सात ९४१-एक्स लागले नसते. आता हा तक्ता दर डिसेंबरला होतो. लग्न, घटस्फोट, दत्तक, शेअरची भेट, घरच्या नव्या माणसाची नोकरी, यांतले काहीही वर्षभरात झाले असेल तर तक्ता बदलतो.

सुनेच्या नावाची वाटही २०२३ मध्ये मोकळी होती. तेव्हा शेअर भेट द्यायचे ठरलेले नव्हते. त्या दोन वर्षांत ती वापरली असती तर दोन हजारांच्या आसपास वाचले असते आणि दुरुस्तीचा प्रश्नच आला नसता. ज्या घरात पुढची चार-पाच वर्षे मालकी बदलणार नाही आणि सुनेला किंवा जावयाला कंपनीत खरे पूर्णवेळ काम आहे, तिथे हा पर्याय आधी तपासावा. मात्र पगार कामाच्या मानाने हवा, तासांची नोंद हवी, आणि योजनेची पात्रता इतरांना लावतो तीच लावलेली हवी.

आईने केलेली घाईची नोंद टाळता आली असती. फोनवर अर्धवट सांगण्याऐवजी सल्लागाराने नावागणिक लेखी यादी पाठवायला हवी होती: मुलगा होय, सून नाही, काका नाही, आणि प्रत्येकापुढे कारण. नंतर त्याने तशी यादी दिली. ती आता पेरोलच्या फाइलमध्ये सर्वांत वर आहे.